‘लाइन’ म्हणजे नेमकं काय? तुमच्या गावचे अर्थ सांगा

खडू_फळा
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यात आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. ‘शब्द एक, अर्थ अनेक’ असा पाठ घ्यायचा आहे. नेहमीची उदाहरणं म्हणजे ‘बँक’ नि ‘बॅट’. पण नदीकाठाला बँक म्हणतात नि वटवाघळाला बॅट, याचं पोरांना काही सोयरसुतक नाही. म्हणून मी ‘लाइन’ घेऊन राहिलो. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही हा शब्द रोज बोलते.

वर्गात विचारलं तर धडाधड वाक्यं आली. लाइन गेली. रेशनच्या दुकानात लाइन लागली. माझा भाऊ सायन्स लाइनले आहे. तमका वाईट लाइनले लागला. शेवटच्या बाकावरून एक वाक्य आलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

दोन गोष्टी हव्यात. एक, तुमच्याकडे याशिवाय कोणते अर्थ चालतात? दुसरी, पेपरात पोरानं ‘द लाइन इज गॉन’ असं लिहिलं तर गुण कापायचे का? आमच्या स्टाफरूममध्ये यावरून सरळ दोन तट पडले आहेत.

पऱ्हाटी
गुण कापू नका सर. पोट्टं वीज नसताना अभ्यास करून राहिलं, हेच लय झालं.

डीओ_उडाला
सर, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लाइट वेगळी आणि लाइन वेगळी. पुण्या-मुंबईचे लोक याची खिचडी करतात. लाइट घरातली, लाइन वावरातली. घरात बल्ब चालू आहे, टीव्ही चालू आहे, पण सिंगल फेज आहे. मग आम्ही म्हणतो, ‘लाइट हाय, पण लाइन नाही.’ थ्री फेज आली, मोटार उचलली, की लाइन आली.

रात्रपाळीची लाइन असली की हरभऱ्याले पाणी द्यायला अर्ध्या रात्री धुऱ्यावरून बॅटरी घेऊन जावं लागते. स्टार्टरची हिरवी बटण दाबली आणि मोटार नुसती घुमली, फिरली नाही, तर समजायचं एक फेज गायब आहे. तेव्हा लाल बटण लगेच दाबायची, नाही तर वाइंडिंग जळून वास सुटते. मग डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) जाऊन पाहा, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला का झंपर (जोडतार) तुटला. आता मला सांगा, या सगळ्याला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतात? आमच्याकडे ‘लाइनचा लोचा हाय’ म्हटलं की घरच्या बाईलेही समजते.

मिरची_भिवापुरी
‘घरच्या बाईलेही’ म्हणजे काय भाऊ? आमच्या घरी स्टार्टर मीच चालू करते, अन् फेज कोणती गेली ते टेस्टर लावून नवऱ्यालाही मीच सांगते.

डीओ_उडाला
चुकीचं नका समजू ताई. बोलण्याची पद्धत आहे ती.

मिरची_भिवापुरी
पद्धतच बदला म्हणते मी.

शब्दकोडे
मूळचा मी मूर्तिजापूरचा, सध्या पुण्यात. डीओ_उडाला यांचा मुद्दा भारी आहे, कारण इंग्रजीतही ‘लाइन’ म्हणजे वीज वाहून नेणारी तार. पॉवर लाइन असते, लाइनमनही असतो. तारायंत्राच्या तारा टाकल्या गेल्या तेव्हापासूनचा हा लाइनमन. पण ‘लाइन इज गॉन’ ऐकून इंग्रज माणूस वीज गेली असं समजणार नाही, टेलिफोन बंद पडला असं समजेल फार तर. आपण काय केलं, तारेचं नाव तारेतून येणाऱ्या वस्तूला दिलं. ‘नळ गेला’ म्हणतो तेव्हा नळ काही उठून जात नाही, पाणी जाते. हिशोब तोच.

आणि सर, ‘सायन्स लाइनले आहे’ याच्या जवळचा अर्थ तर इंग्रजीतही आहे. धंदा किंवा कामाचं क्षेत्र या अर्थी ‘लाइन’ तिकडे जुना आहे. ‘व्हॉट्स युअर लाइन?’ म्हणजे तुम्ही काय काम करता. हे इंग्रजी वाक्य बिनधास्त शिकवा.

नेरचा_काकाजी
आमच्या पिढीले लाइन म्हणजे आधी रेल्वे. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला, अडीच फुटाची छोटी लाइन. कापूस वाहून न्यायसाठी टाकली होती. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. आता तर गाडीच नाही. चढावर एवढी हळू व्हायची की पोट्टे खाली उतरून बोरं तोडत अन् परत चढत.

तिथूनच दुसरा शब्द आमच्या तोंडी बसला, ‘लाइन क्लिअर’. पुढच्या स्टेशनानं रूळ मोकळा आहे असं कळवल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत नसे. मग गावात सोयरीक जमवतानाही तेच. पोरीच्या मामाचा होकार आला की मध्यस्थ म्हणे, ‘काकाजी, लाइन क्लिअर हाय, आता या पाहाले.’

सेतूवाला
काकाजी, एक नंबर 😄
आमच्या दुकानात सगळ्यात जास्त चालणारी लाइन म्हणजे ऑनलाइन. आणि तिचा अर्थ कोणत्याच डिक्शनरीत सापडणार नाही. म्हातारबा येतात, कागदाची पिशवी टेबलावर उलटी करतात आणि म्हणतात, ‘बापू, माह्यं ऑनलाइन करून दे.’ काय ऑनलाइन? सातबारा? पीकविमा? केवायसी? ‘ते मले काय मालूम, सचिवानं सांगतलं ऑनलाइन कराले लागते.’ म्हणजे ऑनलाइन हे एक काम आहे, जसं दाढी-कटिंग. झालं की नाही झालं, एवढंच.

परवा एका आजीनं विचारलं, ‘ऑनलाइनले लाइन लावा लागते का?’ मी म्हटलं, लागते आजी, बाहेर बाकड्यावर बसा, नंबर येईल.

पऱ्हाटी
‘ऑनलाइनसाठी लाइन आहे, पण लाइन नाही म्हणून ऑनलाइन बंद आहे.’ सर, हे वाक्य पेपरात द्या. भाषांतर करा, पाच गुण.

खडू_फळा
पऱ्हाटी 😂 हे फळ्यावर लिहितोच.

खाकी_क्वार्टर
माझं बालपण पोलीस लाइनीत गेलं. शाळेत कुठं राहतो विचारलं की ‘लाइनीत’. तेवढंच. पुढचं कोणी विचारत नसे, अन् मारामारीतही कोणी नादी लागत नसे. बैठ्या खोल्यांची लांब ओळ, सगळ्यांचं अंगण एकच, एका घरी वडे तळले की वास दहा घरं जाणार. ‘लाइनीतली बाई’ म्हणजे पोलिसाची बायको. ‘लाइनीतला गणपती’ वेगळा, गावाचा वेगळा.

पण खोल्यांच्या ओळीला लाइन का म्हणतात, हे मला कधी समजलं नाही. चाळ म्हणायचं ना सरळ.

शब्दकोडे
@खाकी_क्वार्टर, ते पलटणीतून आलं. इंग्रजांच्या छावणीत तंबू, बराकी, घोडे सगळं ओळीनं बांधलेलं असे, त्याला ते ‘लाइन्स’ म्हणत. शिपायांची वस्ती म्हणजे लाइन्स. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ ची, तेव्हा हा शब्द इकडे चांगला मुरलेला असणार. मग लष्करात नसलेल्या साहेबांची वस्ती झाली सिव्हिल लाइन्स. नागपुरात आजही बंगले, झाडं आणि मोठे अधिकारी तिथंच. आसामात चहाच्या मळ्यावर मजुरांच्या खोल्या असतात, त्याही लाइनच. गंमत बघा, शब्द एक, पण ‘सिव्हिल लाइन्सला राहतो’ म्हटलं की लोक खुर्ची देतात आणि ‘लाइनीत राहतो’ म्हटलं की…

खाकी_क्वार्टर
…की खुर्ची सोडून पळतात.

मिरची_भिवापुरी
सर शेवटच्या बाकावरचं वाक्य सांगत नाहीत, तर मीच बोलते. ‘लाइन मारणे.’ पोट्टे चौकात बसून जे करतात ते. आणि त्याची दुसरी बाजू, ‘ते लाइन देते.’ या दुसऱ्यावर माझा राग आहे. पोरगी एस.टी.ची वाट पाहत उभी आहे, सहज नजर तिकडे गेली, तर म्हणे लाइन दिली! मारणाराही हाच, दिली म्हणून ठरवणाराही हाच. वर्गात हा अर्थ टाळू नका सर. पोरांसमोर नीट बोला यावर. टाळला की ते बाकाखाली जाते.

धानवाली
+१ मिरचीताई. माझ्या कॉलेजच्या गाडीत तर ‘लाइन’ म्हणजे माणूसच होता. ‘ते त्याची लाइन आहे.’ म्हणजे मुलगी ही वस्तू, तीही आधीच बुक केलेली.

डीओ_उडाला
हे खरं आहे. याच्यावर वाद नाही.

तूरफवारा
मंडळी, मुळात धाग्याचा नायकच चुकला. सगळ्यात जास्त अर्थ असलेला इंग्रजी शब्द ‘सेट’ आहे. आपल्याकडेही पाहा. टीव्हीचा सेट, लग्नाचा सेट (सोन्याचा), पोट्टा पुण्यात सेट झाला, तहसीलमध्ये सेटिंग आहे. स्लॅब टाकायच्या आधी सेंट्रिंगवाला येतो, त्यालेही आमच्याकडे सेटिंगवालाच म्हणतात.

शब्दकोडे
तूरफवारा, हे अर्धं बरोबर. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, २० खंडांची. त्यात ‘सेट’ची नोंद सगळ्यात लांब होती. पण पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं तसा ‘रन’ पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. ‘लाइन’ त्या शर्यतीत पहिला नाही. पण खेड्यात रुजला तो लाइन. ‘रन’ आपण क्रिकेटपुरताच घेतला.

बाकी अर्थांच्या शर्यतीत मराठीही काही लंगडी नाही. ‘लागणे’ घ्या. तहान लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, हळद लागते, बोअरला पाणी लागते, पऱ्हाटीला बोंडं लागतात. कोणी एका इंग्रजी क्रियापदात बसवून दाखवावं.

पऱ्हाटी
पऱ्हाटीला यंदा बोंडं कमी आणि बोंडअळी जास्त लागली, तेवढं लिहून घ्या.

नेरचा_काकाजी
‘लाइन लागली’ वरून आठवलं. एकाधिकार कापूस खरेदी (म्हणजे कापूस सरकारलेच विकायचा) १९७२ साली सुरू झाली, त्यानंतरची गोष्ट. खरेदी केंद्राच्या फाटकापासून बंड्यांची (बैलगाड्यांची) लाइन पार गावाच्या बाहेर जाई. बैल सोडून बंडीखालीच झोपायचं, तीन दगडांवर चहा, भाकरीसोबत ठेचा. लाइनीत ज्याची बंडी पुढे, त्याच्याशी दोस्ती करायची, कारण तोच आपला नंबर राखणार. माझ्या दोन भाच्यांच्या सोयरिकी त्या लाइनीत जमल्या. मिरचीताई, ही चांगली लाइन होती बरं.

मिरची_भिवापुरी
मान्य काकाजी 🙏

ओळंबा
मी मिस्त्री आहे, बांधकामाचा. हा धागा रोज वाचून राहिलो, पण आमची लाइन कोणी काढलीच नाही. लाइनदोरी.

घर बांधायचं ठरलं की पहिले लाइनआउट. चार कोपऱ्याला खुट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, गुण्या (काटकोन) लावून कोपरा पाहायचा, मग दोरीखालून फक्की (पांढरी भुकटी) टाकायची. मालक हौसेनं पाहत असतो, त्याला त्या फक्कीतच घर दिसते. बायको म्हणते, ‘एवढंसंच किचन?’ प्रत्येक घरी हेच वाक्य. फक्कीवर सगळं घर लहान दिसते, भिंती उठल्या की मोठं होते. पुढे इटांचा थर लावतानाही दोन टोकाला दोरी बांधूनच लावायचा. दोरी ढिली राहिली तर भिंतीला पोट येते.

आमच्या धंद्यात लाइन म्हणजे दोरीच. रेघ नंतरची.

शब्दकोडे
ओळंबा, तुम्ही तर मुळालाच हात घातला! इंग्रजी ‘लाइन’ लॅटिन ‘लिनिया’वरून आला, आणि लिनिया म्हणजे दोराच. कशाचा दोरा? ‘लिनम’चा. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या खोडाचा वाक (तंतू) काढून सूत कातत, त्याचं कापड म्हणजे लिनन. कपड्याला आतून लावतात ते लायनिंगही त्याच घरचं, कारण अस्तर लिननचं असे. ताणलेला दोरा म्हणून लाइन, मग दोऱ्यासारखी सरळ रेघ म्हणून लाइन, रेघेसारखी माणसं उभी राहिली म्हणून लाइन, आणि मग रूळ, तारा, बराकी.

धानवाली
थांबा थांबा. जवस म्हणजे आपला जवस? निळ्या फुलाचा?
आमच्याकडे भंडाऱ्यात धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळी, जवस फेकतात. उतेरा म्हणतात त्याला. नांगर नाही, पाणी नाही, जमिनीत ओल राहते तेवढ्यावर पीक येते. पण त्याचा दोरा कोणी काढलेला मी पाहिला नाही. तेल काढतो आणि चटणी करतो.

शब्दकोडे
तोच जवस, झाड एकच. युरोपात थंड हवेत वाकासाठी उंच वाढणारे वाण घेतात, फ्रान्स-बेल्जियमकडे अजून पिकतो. आपले वाण बुटके, फांद्या जास्त, बी जास्त, म्हणजे तेलाचे.

ओळंबा
आणि आपल्याकडे दोऱ्याची काय कमी होती! सुताराकडे जा. सुताची दोरी निळीत भिजवतो, फळीच्या दोन टोकाला धरतो, मधात उचलून सोडतो. टप्प. सरळ निळी रेघ. त्यालेच ‘सूत मारणे’ म्हणतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ‘दरवाजा दोन सूत कमी कर’ म्हणतो आम्ही अजूनही, हातात मीटरचा टेप असला तरी. भिंत सरळ आली की ‘सुतात हाय’.

खडू_फळा
ओळंबादादा, वा! आणि सुतार हा शब्दच ‘सूत्रधार’वरून आला. म्हणजे दोरी धरणारा. तिकडे त्यांचा जवसाचा दोरा होता, त्याची लाइन झाली. इकडे आपला कापसाचा धागा, त्याचं सूत झालं. तोच प्रवास. दोरा, मग सरळ रेघ, मग मापाचा शब्द. आणि ‘त्या दोघांचं सूत जुळलं’ हे तर…

पऱ्हाटी
…लाइन मारली, फक्त आजोबांच्या काळातली 😄

मिरची_भिवापुरी
नाही हो पऱ्हाटी. जुळायला दोघं लागतात, मारायला एकच पुरतो.

तूरफवारा
सुतावरून स्वर्ग गाठणं चालू आहे इथं.

खडू_फळा
तूरफवारा, धाग्यावर सूत नाही तर काय असणार?

सेतूवाला
डेडलाइन राहिली की. विम्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या दुकानात जे होते त्याला मी डेडलाइन म्हणतो, म्हणजे सर्व्हर डेड आणि लाइन बाहेर रोडपर्यंत.

शब्दकोडे
सेतूवाला, खऱ्या डेडलाइनची गोष्ट याहून भयंकर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियात अँडरसनव्हिल इथं कैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक आडवी लाकडी पट्टी. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. ती ‘डेड लाइन’. वर्तमानपत्रवाल्यांनी बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला तो शब्द नंतर लावला.

डीओ_उडाला
बाप रे. आणि आमचे साहेब दर शुक्रवारी डेडलाइन देतात.

पण सरांचा मूळ प्रश्न तसाच राहिला. गुण कापायचे का?

नेरचा_काकाजी
मी म्हणतो पुरे गुण द्या.

धानवाली
मी नाही म्हणेन. माझी पोरगी उद्या बाहेर नोकरीला गेली आणि फोनवर ‘लाइन इज गॉन’ म्हणाली, समोरच्याला कळलंच नाही, तर नुकसान तिचं. आपली लाइन आपल्या मराठीत शंभर टक्के बरोबर. पण इंग्रजीच्या पेपरात ‘पॉवर’ लिहायला शिकवा. अर्धा गुण कापा, म्हणजे लक्षात राहील.

मिरची_भिवापुरी
कापायचा कशाला? लाल पेनानं बाजूला ‘पॉवर’ लिहून द्या. पोरगं वाचते. गुण कापला की नुसता आकडा वाचते.

खडू_फळा
धानवालीताईंचं म्हणणं पटते, पण कापणार नाही. बाजूला लिहूनच देईन. निबंधात असेल तर. भाषांतराच्या प्रश्नात मात्र कापेन, तिथं तेच तपासायचं असते. स्टाफरूमला हे मान्य होणार नाही, पण पेपर मीच तपासतो.

पाठ असा घेतो आहे. प्रत्येक पोरानं घरातल्या किंवा गावातल्या एका माणसाकडून त्याच्या धंद्यातली ‘लाइन’ विचारून आणायची. तीन पोरांचे बाप वायरमन आहेत, एकीची आई शिवणकाम करते, ती लायनिंग आणेल. सुतार गावात राहिला नाही. ओळंबादादा, तुम्ही आमच्याच भागातले दिसता. एक तास येऊन दोरी मारून दाखवाल का?

ओळंबा
बुधवारी आमच्याकडे बाजार असते, मजूर येत नाही, काम बंद राहते. त्या दिवशी येतो. दोरी माझी, नीळ तुम्ही आणून ठेवा. अन् एक फळी लागेल, सहा फुटाची तरी.

धानवाली
जवस पाहिजे असल्यास सांगा, शेरभर पाठवते. पोरांना दाखवून झाला की भाजून चटणी करा. तीळ नका टाकू त्यात.

पऱ्हाटी
तिळाबिगर चटणी? आमच्याकडे तीळ, लसूण, लाल मिरची, सगळं पडते.

धानवाली
म्हणूनच तुमच्याकडे जवसाची चव लागत नाही.

खाकी_क्वार्टर
सर, ओळंबादादाले दोरी फळीवरच मारू द्या. वर्गाची भिंत आत्ताच रंगवली आहे, तुमचे हेडसर माझे साडू आहेत, मले ऐकून घ्यावं लागते.